एकोणिसावा धावपटू



ह्या आठवड्याचा पाठ मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो वरकुट्याच्या आमच्या मंडळीत घडलेल्या एका लहानशा गोष्टीवरून सुचला, व त्या गोष्टीत मजकडेही थोडा दोष येतो, म्हणून ती आधी सांगून टाकितो.

आमच्या मंडळीतील एक मुलगा तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात त्याला चांगली गती आहे. पहाटे, उसाच्या गाड्या रस्त्यावर येण्यापूर्वी, तो धावून येतो आणि मग कॉलेजास जातो. त्याचे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात. धावण्याचे बूट त्यांच्याने घेववत नव्हते, म्हणून मंडळीने वर्गणी केली. कोणी पन्नास दिले, कोणी वीस, एका विधवा बाईने चार अंडी विकून त्याचे पैसे आणून दिले. बूट आले. मुलगा कॉलेजतर्फे शर्यतीस गेला आणि फार मागे पडला. परत आला त्या संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसलेल्यांनी विचारले, "कितवा आलास?" त्याने उत्तर दिले नाही. तेव्हा आमच्यातील एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांस आम्ही सर्व आबा म्हणतो, सहज बोलून गेले की, वर्गणी पाण्यात गेली म्हणायची. मी तेथे होतो. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून ते बूट त्याच्या घरी खुंटीला टांगलेले आहेत, असे त्याच्या आईने मला सांगितले.

तेव्हा ह्या पाठाचा प्रश्न एवढाच आहे: जो पहिला आला नाही त्याची आठवण ठेवावी की नाही, आणि ठेवावयाची तर कशाबद्दल?

ह्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच मुलखातील एका मनुष्याची आठवण झाली. त्यांचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले. ते बेळगावचे. ते १९२० साली बेल्जम देशातील अँटवर्प शहरी भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन नावाच्या शर्यतीत धावले, आणि एकोणिसावे आले. हिंदुस्थानातून ऑलिंपिकात मॅरेथॉन धावावयास गेलेल्या पहिल्या मनुष्यांपैकी ते होत. आमच्या शाळांतून त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

प्रथम मॅरेथॉन म्हणजे काय ते सुवार्तिकांनी वर्गास समजावून द्यावे, कारण हल्ली हा शब्द दोन कोसांच्या धावेसही लावितात. ग्रीस देशात मॅरेथॉन नावाचे मैदान आहे. तेथे इ. स. पूर्वी ४९० साली अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला व ती बातमी घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावत गेला, अशी कथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली, नव्या काळातील पहिल्या ऑलिंपिकात, ही शर्यत ठेवण्यात आली. ती कोणी सरदाराने जिंकली नाही. स्पिरिडॉन लुईस नावाचा एक खेडूत, जो मारूसी ह्या आपल्या गावाहून पाणी वाहून नेऊन विकीत असे, तो पहिला आला. राजाने त्याला काय पाहिजे ते माग म्हटले तेव्हा त्याने पाणी वाहण्यासाठी एक घोडा व गाडी मागितली, असे सांगतात. मग तो आपल्या गावी परतला आणि पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. ह्या पाणक्याची वेळ ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. सुमारे चाळीस किलोमीटरांस त्याला २ तास ५८ मिनिटे ५० सेकंद लागली.

आता पुण्याकडे येऊ. तेथील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या सुमारास सर दोराबजी टाटा हे तिच्या खेळांचे अध्यक्ष असता त्यांनी एक विलक्षण देखावा पाहिला, आणि पुढे १९२९ साली ऑलिंपिक समितीच्या प्रमुखांस लिहिलेल्या पत्रात त्याची हकीगत नमूद केली. सामन्यास आलेले तरुण बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे होते; दिवसभर शेतात राबणारे आणि साध्या भाकरीवर राहणारे. धावण्याच्या नियमांची त्यांस माहिती नव्हती. मैदान इतके लहान होते की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घ्यावी लागे, आणि प्रत्येकाची वाट वेगळी राखण्यासाठी मध्ये दोऱ्याही लावीत नसत. लांब पल्ल्याच्या शर्यतीस तर हे मुलगे खडकाळ रस्त्यावरून कित्येक मैल अनवाणी धावत. टाटांचे शिक्षण विलायतेत झालेले असल्यामुळे त्यांनी तेथील खेळ पाहिले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि त्यांस आश्चर्य वाटले, कारण ह्यांतील काहींच्या वेळा शिकवून तयार केलेल्या परदेशी धावपटूंच्या तोडीच्या होत्या.

मला ह्या हकीगतीत टाटांचे औदार्य तर दिसतेच, पण त्याहून त्यांची नजर मोठी वाटते. सोयरेधायरे टाळ्या वाजवून घरी जातात. अनवाणी पायांकडे पाहून घड्याळ काढणारा मनुष्य विरळा.

टाटांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साह्य मिळविले, आणि १९२० साली हिंदुस्थानास ऑलिंपिकात जागा मिळाली. निवडीच्या कामी बसलेल्या मंडळींस ह्या खेळांची किती ओळख होती ह्याची एक गंमत सांगतात. शंभर मीटर धावण्यास ऑलिंपिकात किती वेळ लागतो, असा प्रश्न निघाला असता एका सभासदाने "एकदोन मिनिटे लागत असतील" असे उत्तर दिले. तेथे काळ मिनिटांनी नव्हे, सेकंदांच्या अंशांनी मोजतात, हे त्यांस सांगावे लागले! आपण हसू नये. आपल्या मंडळ्यांतूनही ज्या कामाचा गंध नाही त्याच्या समितीवर आपण किती वेळा बसतो!

निवडलेली मंडळी थोडकी होती. धावणारांत बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे जवळच्या पल्ल्यासाठी, आणि दूरच्या पल्ल्यासाठी दख्खनचे तिघे: चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. त्यांशिवाय नवले व शिंदे हे दोन मल्ल. खर्चाचा मोठा वाटा टाटांनी उचलला. सरकारने व इतर दात्यांनीही हातभार लाविला. म्हणजे वर्गणीच होती ती. आमच्या चार अंड्यांच्या पैशांपेक्षा आकडा मोठा, एवढाच भेद.

अँटवर्प शहराने तेव्हा नुकतेच युद्ध भोगले होते. बेल्जमच्या लोकांनी सोसलेल्या दुःखाचा मान राखावा म्हणून तेथे सामने भरविण्यात आले. पाच कड्यांचे निशाण ऑलिंपिकात पहिल्याने तेथेच फडकले, आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची चालही तेथूनच पडली. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन झाली. त्या वर्षी तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकात ह्याहून लांब मॅरेथॉन त्यापूर्वी झाली नव्हती व नंतरही झाली नाही, ४२.१९५ किलोमीटर हे ठरीव अंतर पुढल्या वर्षी, १९२१ साली, कायम झाले. वर्गात हे अंतर आकड्याने सांगून कोणाच्या ध्यानात येणार नाही. बारामतीहून इंदापुरास जाणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटर आहे. बारामतीस निघावे आणि इंदापूर दोन कोसांवर आले म्हणजे थांबावे, असे सांगा. आमच्या बाजूची मंडळी हे अंतर बैलगाडीने जाई तेव्हा वाटेत भाकरी सोडून बसत असे.

हवा थंड होती. सुमारे पन्नास जण निघाले. फिनलंडचे हॅनेस कोलेहमाइनेन, ज्यांनी १९१२ साली तीन सुवर्णपदके मिळविली होती व जे पोटासाठी विटांचे बांधकाम करीत, ते २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. दुसरा मनुष्य एस्टोनियाचा लॉसमान. तो अवघ्या तेरा सेकंदांनी मागे राहिला. मग एकामागून एक येत गेले, आणि एकोणिसाव्या जागी चौगुले मैदानात शिरले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. दर किलोमीटरास चार मिनिटे, आणि असे बेचाळीस किलोमीटरांहून अधिक! ज्याला शंका असेल त्याने गावच्या वेशीपासून एकच किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहावा, आणि मग उरलेल्या एक्केचाळीसांचा विचार करावा.

दातारही त्याच शर्यतीत उतरले होते. त्यांची शर्यत पुरी झाली नाही. कैकाडी दहा हजार मीटरांच्या शर्यतीसाठी गेले होते. ह्यांची नावे मी मुद्दाम घेतो. दोघेही चौगुल्यांबरोबर एकाच जहाजाने गेले, आणि अंतिम रेषेशी कोण पोहोचला एवढ्यावरून मित्रांची गणती करू नये.

आता त्या ग्रीक पाणक्याकडे परत या. १८९६ साली लुईसने सुमारे चाळीस किलोमीटर २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत काटले आणि सारे अथेन्स शहर त्याच्या जयघोषाने दुमदुमले. १९२० साली चौगुल्यांनी त्याहून जवळजवळ पावणेतीन किलोमीटर अधिक अंतर आठ मिनिटे कमी वेळात काटले, आणि ते एकोणिसावे ठरले. दोघांचे पाय दोघांचे होते. पण भोवतीचा मेळा निराळा होता. कितवा आलास, ह्या प्रश्नाचे उत्तर अर्धे इतरांच्या हाती असते. किती धावलास, ह्याचे उत्तर मात्र सर्वस्वी आपल्या हाती. मला वाटते, त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही मुलाला चुकीचा प्रश्न विचारला.

ह्या ठिकाणी कोणी सुवार्तिक म्हणेल की, पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिताना धावण्याचा दाखला घेतला आहे, आणि त्यात बक्षीस एकालाच मिळते असे आहे. खरे आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे सामने भरत, व विजय पावलेल्यास पाल्याचा मुगुट मिळे. दुसऱ्या-तिसऱ्यास काही नाही. त्या वाचकांनी तो पाला सुकताना डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून तो दाखला त्यांस लागला. पण तो अध्याय पुन्हा वाचून पाहावा. पौलाचा रोख पहिल्या क्रमांकावर नसून ज्या संयमाने धावणारा आपले शरीर राखतो त्यावर आहे. वर्गात हा भेद स्पष्ट करावा, नाहीतर मुले असे समजतात की मागे राहिलेल्यास शास्त्रातही ठिकाण नाही.

चौगुले आणि त्यांचे सोबती पदके घेऊन आले नाहीत. तरी त्या वर्गणीचे काय झाले ते पाहा. टाटांनी हात आखडला नाही. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. तील डॉक्टर नोरेन व हॅरी बक ह्या गृहस्थांनी त्यांस साह्य केले. बक यांनी १९२० सालीच मद्रासेस शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले होते, व पुढे मिशनशाळांतील कित्येक शिक्षक तेथून तयार झाले. १९२४ साली पॅरिसला दुसरा संघ गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ साली आमस्टरडामास हॉकीचे सुवर्णपदक आले. हे सर्व एकोणिसाव्या क्रमांकानंतर झाले. पहिल्या वर्षीच कोणी "पैसे पाण्यात गेले" म्हणून थैलीचे तोंड बांधते तर काय होते, ह्याचा विचार आपल्या मंडळीतील प्रत्येक वडिलाने करावा. आबांनी तर करावाच, पण मीही.

वर्गणीने पाठविलेल्या मनुष्याचेही एक कर्तव्य असते, आणि ते पुरे केलेल्या एका खेळाडूचे नाव वर्गास सांगितल्यावाचून पाठ पुढे नेऊ नये. ते धावपटू नव्हते, मल्ल होते. पण कॉलेजचे विद्यार्थी होते आणि गावाचे माणूस होते. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते शिकले. १९४८ साली लंडनला ते सहावे आले, म्हणजे त्यांच्याही वाट्यास आधी रिकामे हात आले होते. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. गावोगाव फिरून पैसे जमविले, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र हिंदुस्थानातील एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. इतके सर्वांस ठाऊक असते. पण मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केले ते सांगा: त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत लढले, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, व १९८४ साली रस्त्यावरील अपघातात वारले. माझ्या मते गोळेश्वरच्या पदकापेक्षा ते सोडविलेले घर वर्गात अधिक वेळ बोलण्याजोगे आहे.

मात्र एक सावधगिरी ठेवावी. फेड पैशानेच होते असे मुलांच्या मनात भरवू नये. आमच्या मुलाने त्या अंड्यांचे पैसे परत करावे अशी त्या विधवा बाईची मुळीच अपेक्षा नाही. तिने मला विचारले ते एवढेच की, पोर जेवतो आहे ना.

आणि कोणी असे म्हणू नये की ह्या गोष्टी बेळगाव-कराडच्या, आमच्या कोरड्या टापूत असे कोण आहे! बारामतीतच, २०१३–१४ च्या सुमारास, लता करे नावाच्या साठी उलटलेल्या बाई ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या. शेतात मोलमजुरी करून पोट भरणारे ते घर. पती भगवान करे आजारी होते आणि तपासणीस पैसा नव्हता. बक्षीस पाच हजार रुपयांचे आहे असे कळले, म्हणून त्या नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी, तीन किलोमीटर धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या नावाचा चित्रपटही २०२० साली निघाला. पुण्याच्या त्या लहान मैदानावर दोराबजींनी पाहिलेले पाय आणि बारामतीच्या डांबरी रस्त्यावरील हे पाय ह्यांत मला फारसा फरक दिसत नाही. एक देशासाठी धावले, एक घरातल्या खाटेवरच्या माणसासाठी. दोहोंपैकी कोणती धाव मोठी, हा प्रश्न वर्गास घालावा व उत्तर देण्याची घाई करू नये. आमच्या वर्गात बायकांनी एक उत्तर दिले आणि पुरुषांनी दुसरे.

हा पाठ मी गेल्या रविवारी दुपारी वरकुट्यास दिला. तो मुलगा मागे दाराशी बसला होता. मी त्याचे नाव घेतले नाही, पण खेड्यात नाव घ्यावे लागत नाही. पाठ संपल्यावर मी त्याजजवळ जाऊन म्हटले, "बाळ, त्या संध्याकाळी मी बोलायला हवे होते, बोललो नाही. ते माझे चुकले." तो खाली पाहत राहिला. मग त्याने विचारले, "पाळकसाहेब, चौगुल्यांची वेळ किती म्हणालात?" मी पुन्हा सांगितली. त्याने बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाला, "माझी दर किलोमीटरला चार मिनिटे वीस सेकंद झाली. पण दहाच किलोमीटर." इतके दिवसांत त्याने आपल्या शर्यतीविषयी काढलेला हा पहिला शब्द.

आबा चपला घालून निघाले होते. ते ओट्याच्या पायरीवर थांबले. ऐकू कमी येते म्हणून त्यांनी मला पुन्हा विचारून घेतले की पोर काय म्हणाला, आणि मी सांगितल्यावर काही वेळ काठीने मातीत रेघ ओढीत उभे राहिले. मग मुलाकडे न पाहता मलाच म्हणाले, "पुढची शर्यत कुठं हाय? एस. टी. चं भाडं किती पडंल तिथवर?"